यान कोसळल्यावर चौकशी कशी करायची: कोलंबियाच्या तपासातून

अंतराळयानाच्या अपघाताची सरकारी चौकशी नेमकी कशी चालते हे शिकायचं असेल, तर नासाच्या कोलंबिया यानाच्या (पुन्हा पुन्हा उडवता येणाऱ्या 'शटल' यानांपैकी एक) तपासाइतकं उघड आणि तपशीलवार उदाहरण दुसरं नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावलासह सात अंतराळवीर परतीच्या वाटेवर असताना ते यान टेक्ससच्या आकाशात फुटलं. पुढचे सात महिने तपास चालला आणि २६ ऑगस्ट २००३ ला अहवालाचा पहिला खंड आला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना, विज्ञानावर लिहिणाऱ्यांना आणि कारखान्यात चौकशी समितीवर अचानक नाव लागलेल्यांनाही उपयोगी पडावेत असे त्यातले टप्पे खाली दिले आहेत. वेळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आहेत.

पहिला तास: दारं लावून घ्या

८:५९:३२ ला यानाकडून आलेलं शेवटचं वाक्य अर्धवट तुटलं. यान ९:१६ ला फ्लोरिडात उतरायचं होतं. ९:१२ च्या सुमारास आकाशातून तुकडे पडत असल्याचं कळलं, तेव्हा ह्यूस्टनच्या उड्डाण संचालकांनी पहिला आदेश दिला तो नियंत्रण कक्षाची दारं लावण्याचा. शोक नंतर, आधी पुरावा.

या आदेशाचा अर्थ फार व्यवहारी आहे. कोणी बाहेर जायचं नाही, कोणी बाहेर फोन करायचा नाही, कोणी संगणक बंद करायचा नाही. प्रत्येकाने आपल्या पडद्यावरची माहिती साठवायची आणि शेवटच्या काही मिनिटांत काय पाहिलं, काय ऐकलं, ते स्वतःच्या हाताने लिहून काढायचं. हे एकमेकांशी बोलण्याआधी करायचं. दोन माणसं अर्धा तास गप्पा मारून बाहेर आली की त्यांच्या दोन आठवणींची एक आठवण झालेली असते, आणि मग दोन साक्षीदार उरत नाहीत.

त्याच तासात यानाची देखभाल झालेल्या कार्यशाळा, सुटे भाग, नोंदवह्या, पुरवठादारांकडची कागदपत्रं, सगळं सील करायचं. कागद मुद्दाम गायब केला जाण्याची भीती आपल्याला आधी वाटते. पण जास्त नुकसान करतो तो भला माणूस, जो घाईघाईत नोंद 'नीट' करून ठेवतो.

मंडळ कोणाचं?

चॅलेंजर या शटलच्या अपघातानंतर (२८ जानेवारी १९८६) राष्ट्राध्यक्षांनी वेगळा आयोग नेमला होता, विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखाली. कोलंबियाच्या वेळी मात्र नासाकडे आधीच तयार आराखडा होता: अपघात झाला की कोणकोणत्या पदांवरचे अधिकारी मंडळात बसतील याची यादी. त्यामुळे मंडळ त्याच दिवशी उभं राहिलं. निवृत्त अ‍ॅडमिरल हॅरॉल्ड गेहमन अध्यक्ष झाले. पुढे बाहेरचे सदस्य वाढवून संख्या १३ झाली. त्यात चॅलेंजरच्या आयोगावरही काम केलेल्या सॅली राइड होत्या आणि भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले डग्लस ऑशेरॉफही.

पण ज्या संस्थेचं यान पडलं तिनेच नेमलेलं मंडळ म्हणजे कुंपणालाच शेताचा पंचनामा करायला सांगण्यासारखं. पहिल्या काही आठवड्यांत हा वाद गाजला. मंडळाची सनद तीनदा बदलली गेली, आणि दर बदलात नासापासूनचं अंतर थोडं वाढलं. त्याहून बोचरा मुद्दा असा की उड्डाणादरम्यान निर्णय घेणारे काही अधिकारी नासाच्या तपास-साहाय्य गटांतही बसले होते. गेहमन यांनी लेखी मागणी करून त्यांना तिथून हलवायला लावलं.

तुमच्यावर समिती नेमायची वेळ आली तर तीन गोष्टी कागदावर घ्या. अहवाल कोणाला द्यायचा आणि तो जाहीर कोण करणार? पैसे आणि कर्मचारी कोणाच्या हातात? ज्या निर्णयाची चौकशी आहे त्या निर्णयात सही असलेला कोणी समितीच्या मदतीला बसलाय का? तिसऱ्याचं उत्तर 'तो फक्त माहिती देतो' असं आलं, तर त्याला साक्षीदार करा. टेबलाच्या या बाजूला बसवू नका.

कामाची वाटणीही बघण्यासारखी आहे. मंडळाचे चार गट झाले: एक व्यवस्थापन, साहित्य आणि देखभालीकडे, दुसरा उड्डाण-संचालन आणि प्रशिक्षणाकडे, तिसरा निव्वळ तांत्रिक विश्लेषणाकडे, चौथा संस्था आणि धोरणाकडे. चौथा गट पहिल्या दिवसापासून असेल तरच अहवालात तो विषय नीट येतो. शेवटच्या महिन्यात जोडलेलं प्रकरण ठिगळासारखंच दिसतं.

तुकडे वेचणं

यान फुटलं तेव्हा ते ध्वनीच्या अठरापट वेगात होतं. तुकडे टेक्ससपासून लुइझियानापर्यंत शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात पडले. शोधात २५,००० हून अधिक माणसं उतरली. सुमारे ७ लाख एकर जमीन पायी तुडवली गेली, बाकीचा भाग विमानांतून, हेलिकॉप्टरांतून पाहिला गेला. जंगलातल्या वणव्यांशी लढणारी पथकं रांगेत, हाताच्या अंतरावर, काटेरी झुडपांतून चालली. त्यांची शर्यत वसंत ऋतूशी होती, कारण पालवी फुटली की जमीन दिसणार नव्हती. या शोधात २७ मार्चला एक हेलिकॉप्टर कोसळून दोघांचा जीव गेला, हेही विसरता कामा नये.

तुकडा दिसला की क्रम ठरलेला:

१. हात लावायचा नाही. यानाच्या इंधनातली हायड्राझिनसारखी रसायनं आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड प्राणघातक आहेत. न फुटलेले स्फोटक बोल्टही असू शकतात. आधी विषारी पदार्थ तपासणारं पथक.

२. जागेवरच फोटो, जीपीएसवर अक्षांश-रेखांश, कोणत्या बाजूने पडलाय त्याची नोंद.

३. क्रमांकाची चिठ्ठी, पिशवी, आणि कोणाकडून कोणाकडे गेला त्याची सलग नोंद. पंचनाम्यातल्या मुद्देमालाला लागतो तोच नियम.

४. संकलन केंद्र, तिथून लुइझियानातला बार्क्सडेल हवाई तळ, आणि मग ट्रकने फ्लोरिडातलं केनेडी अंतराळ केंद्र.

लोकांनी आठवण म्हणून उचलून नेलेल्या तुकड्यांसाठी थोड्या दिवसांची मुदत दिली गेली: परत केलात तर खटला नाही. ही सवलत द्यावीच. शिक्षेच्या भीतीने विहिरीत टाकलेला तुकडा कोणाच्याच कामाचा नाही.

शेवटी सुमारे ८४,००० तुकडे, ३८ टनांच्या आसपास वजन, म्हणजे यानाच्या कोरड्या वजनाचा ३८ टक्के भाग मिळाला. बाकीचा ६२ टक्के नाही मिळाला, आणि तरीही कारण सापडलं. ते कसं, हे पुढच्या टप्प्यात येतं, पण मूळ युक्ती अशी की नकाशा तुकड्यांइतकाच बोलतो. यान पश्चिमेकडून पूर्वेकडे येत होतं, म्हणून सगळ्यात पश्चिमेला पडलेला तुकडा सगळ्यात आधी सुटलेला असतो, आणि पश्चिमेकडच्या ओळखता आलेल्या तुकड्यांत डाव्या पंखावरच्या उष्णतारोधक टाइल्स होत्या.

केनेडी केंद्रात हँगरच्या फरशीवर यानाच्या आकाराची चौकट आखली गेली आणि प्रत्येक तुकडा त्याच्या मूळ जागी मांडला गेला. डाव्या पंखाची पुढची कड मात्र पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांवर त्रिमितीत उभी केली, म्हणजे आतून-बाहेरून दोन्हीकडून पाहता यावं. इथे नवशिके फसतात. डोळा आधी सगळ्यात जास्त जळलेल्या तुकड्याकडे जातो, पण तो यान फुटल्यानंतर, खाली येताना जळलेला असू शकतो. म्हणून वितळलेल्या धातूचे थर वाचायचे. पंखाच्या कडेवर उष्णता झेलणारी कार्बनची पॅनेल्स ओळीने बसवलेली होती, त्यांतल्या आठव्या पॅनेलच्या आसपास धातूचा लेप सर्वांत जाड होता. क्ष-किरण आणि सूक्ष्मदर्शक तपासणीत खालच्या थरात आतल्या उष्णतारोधकाचे आणि उच्च तापमानाला टिकणाऱ्या मिश्रधातूचे अंश मिळाले, तर पंखाच्या सांगाड्याचं अ‍ॅल्युमिनिअम त्यावर आलं. म्हणजे गरम वायूने आधी पॅनेलच्या पोकळीतलं सामान वितळवलं, आणि मग सांगाडा. आठव्या आणि नवव्या पॅनेलच्या लगतच्या कडा सुरीच्या पात्यासारख्या झिजल्या होत्या. असा झिजलेला आकार बराच वेळ वाहत्या झोतातच तयार होतो, क्षणभराच्या ज्वाळेत नाही.

घड्याळ लावणं

सर्व पुराव्यांची एकच कालरेषा करा, आणि शून्य सेकंद एकदाच ठरवा. इथे शून्य धरलं ८:४४:०९, यान सुमारे १२२ किलोमीटर उंचीवर वातावरणात शिरलं तो क्षण.

ह्यूस्टनला थेट मिळालेल्या माहितीत पहिली वेगळी नोंद ८:५२:१७ ची होती, डाव्या चाकाच्या कप्प्यातल्या ब्रेक-वाहिनीचं तापमान वाढू लागल्याची. ८:५४ ला चार संवेदक बंद पडल्याचं नियंत्रकाने सांगितलं. त्यामुळे सुरुवातीला संशय चाकाच्या कप्प्यावर आणि त्याच्या दारावर गेला. तो तर्क चुकीचा नव्हता, फक्त पुरावा अपुरा होता.

मग १९ मार्चला हेम्फिल गावाजवळ एक पेटी सापडली. यानातला तो प्रायोगिक माहिती-नोंदक होता, चुंबकीय फितीवर चालणारा. त्याची माहिती जमिनीवर पाठवली जात नव्हती. ती यान उतरल्यावर काढायची असे. पेटी जवळपास शाबूत होती. घाईत ती तिथेच चालवून पाहिली असती तर सगळं गेलं असतं. ती फीत बनवणाऱ्या तज्ज्ञांकडे स्वच्छ करायला गेली, मग प्रत काढली, आणि मगच वाचली. या नोंदकात पंखाच्या पुढच्या तुळईवरच्या ताणमापकाची वेगळी नोंद ८:४८:३९ ची निघाली, म्हणजे साडेतीन मिनिटं आधीची. संशय कप्प्यावरून पंखाच्या कडेवर सरकला.

संवेदकांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. बहुतेक संवेदक स्वतः जळले नाहीत. त्यांच्या तारा जळल्या. म्हणून 'कोणता संवेदक कुठे आहे' हा प्रश्न दुय्यम, आणि 'त्याची तार कोणत्या जुडग्यातून, कोणत्या खाचेतून जाते' हा पहिला. तारा कोणत्या क्रमाने मेल्या ते यानाच्या तारजोडणीच्या आराखड्यावर मांडलं की गरम वायू कुठून शिरून कुठे वाहत गेला त्याचा नकाशा हाती येतो. हे काम कंटाळवाणं आहे, तंत्रज्ञाचं आहे, आणि चौकशीत बऱ्याचदा हेच निर्णायक ठरतं.

छायाचित्रं आणि चित्रफितीही याच रेषेवर. कॅलिफोर्नियापासून लोकांनी घेतलेल्या चित्रणातून तुकडे सुटताना दिसले. प्रत्येक कॅमेऱ्याचं घड्याळ आकाशातल्या ताऱ्यांवरून किंवा एकाच घटनेच्या दोन चित्रणांवरून जुळवावं लागलं. जनतेकडून ३,००० हून अधिक सूचना आल्या. सॅन फ्रान्सिस्कोत टिपलेल्या एका छायाचित्रात यानाच्या मार्गावर जांभळी वीज पडल्यासारखी रेघ होती आणि तिने बराच गाजावाजा झाला. तपासात ती जास्त वेळ उघड्या राहिलेल्या कॅमेऱ्याच्या हलण्यामुळे उमटलेली निघाली. अशा गोष्टी हसण्यावारी नेऊ नका. तपासा, लिहून बंद करा.

दोषवृक्ष: शक्यता मारत जाणं

सर्वांत वर लिहा: यान नष्ट झालं. खाली फांद्या: कशाकशामुळे होऊ शकतं? प्रत्येक फांदीला पुन्हा फांद्या. कोलंबियाच्या वेळी यान, मुख्य इंजिनं, बूस्टरचे (उड्डाणाला जोर देणाऱ्या बाजूच्या रॉकेटांचे) दोन गट, यानाला बाहेरून जोडलेली इंधनाची टाकी आणि आतलं सामान अशा प्रत्येकासाठी स्वतंत्र वृक्ष केले गेले, आणि भागांमधल्या सांध्यांसाठी आणखी एक. सांध्यांची टीम विसरू नका. टाकीवाले म्हणतात टाकी ठीक, यानवाले म्हणतात यान ठीक, आणि टाकीवरून सुटून यानावर आदळणाऱ्या गोष्टीचं कोणीच मालक नसतं.

फांदी बंद करायची तर पुराव्यानिशी, आणि बंद करणाऱ्याच्या सहीनिशी. 'असं होणं अशक्य' हा शेरा चालत नाही. सौर वादळ, अवकाशातला कचरा, घातपात, टाकीचे जोडबोल्ट, सगळ्यांवर काम झालं. बोल्ट पकडणाऱ्या भागाची तपासणी करताना तर तो या अपघाताला जबाबदार नसला तरी स्वतंत्रपणे धोकादायक असल्याचं निघालं, आणि तेही अहवालात नोंदवलं गेलं. मुख्य कारणाशी संबंध नाही म्हणून सापडलेला दोष टाकून द्यायचा नसतो.

इथेच आकडे निवडण्याचा सापळा असतो. चॅलेंजरचं उड्डाण झालं तेव्हा हवा सुमारे २ अंश सेल्सिअस होती. आदल्या रात्री बूस्टरच्या रबरी कड्यांना थंडीने धोका आहे का यावर चर्चा झाली, ती फक्त नुकसान झालेल्या उड्डाणांच्या आकड्यांवर. त्यात तापमानाचा काही संबंध दिसेना. नंतर आयोगाने कुठलंच नुकसान न झालेली उड्डाणंही त्याच आलेखावर मांडली. ६१ अंश फॅरनहाइट (सुमारे १६ अंश सेल्सिअस) आणि त्यावरच्या २१ उड्डाणांपैकी फक्त चारांत झीज होती. त्याखालच्या एकूण एक उड्डाणात होती. म्हणून बिघडलेल्यांच्या शेजारी धडधाकट नेहमी मांडा.

आदळवून पाहणं

उड्डाणानंतर ८१.७ सेकंदांनी टाकीच्या पुढच्या डाव्या जोडाजवळचा फोम (टाकीवरचं हलकं उष्णतारोधक आवरण) सुटून डाव्या पंखावर आदळल्याचं चित्रणात दिसत होतं, दुसऱ्याच दिवशी. तुकडा साधारण ५३ ते ६९ सेंटिमीटर लांब, वजन पाऊण किलोच्या आसपास. पण थर्माकोलसारखा हा तुकडा कार्बनच्या मजबूत पॅनेलला काय करणार, असं अनेक अनुभवी अभियंत्यांनाही वाटत होतं. नासाच्या शटल कार्यक्रमाच्या प्रमुखांनी अपघातानंतरच्या आठवड्यात ही शंका जाहीरपणे मांडली.

घोटाळा असा की माणूस फोम 'पडला' असं मनात धरतो. तो पडला नाही. सुटल्यावर तो हलका असल्यामुळेच हवेने त्याला सेकंदाच्या सहाव्या भागात अडवलं, आणि मागून वेगात येणारं यान त्याच्यावर जाऊन आदळलं. दोघांच्या वेगातला फरक ताशी ८५० किलोमीटरच्या घरात. हिशेब करा: ०.७६ किलो, सेकंदाला २३७ मीटर, म्हणजे सुमारे २१,००० ज्यूल. एक टनाची मोटार ताशी २३ किलोमीटरने भिंतीवर आदळली तर जेवढी ऊर्जा, तेवढी. जड वस्तू इतक्या लवकर मंदावलीच नसती. हलकेपणानेच फोम घातक झाला.

पण हिशेबाने मन वळत नाही, म्हणून सॅन अँटोनिओच्या संशोधन संस्थेत दाबलेल्या नायट्रोजनची तोफ उभी केली. त्या चाचणीचा क्रम अनुकरणीय आहे. आधी फायबरग्लासची पॅनेल्स मारून तोफेचा नेम, वेग आणि मोजमाप जुळवलं, कारण खरी पॅनेल्स मोजकीच होती. मग उड्डाण केलेली पॅनेल्स घेतली, नवी नव्हे. कार्बन-कार्बनचं द्रव्य उड्डाणागणिक ऑक्सिडेशनने अशक्त होतं, त्यामुळे नव्याकोऱ्या भागावरची चाचणी खोटा दिलासा देते. जून २००३ मध्ये सहाव्या पॅनेलवर मारल्यावर सुमारे १४ सेंटिमीटरची भेग पडली. ७ जुलैला आठव्या पॅनेलवर तसाच तुकडा सेकंदाला २३७ मीटर वेगाने मारला आणि पॅनेलला ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीचं भगदाड पडलं. जमलेल्या लोकांचा श्वास अडकला, असं सांगतात, आश्चर्य नाही.

चाचणी काय सिद्ध करते ते मोजून लिहा. ती सांगते की असं होऊ शकतं. उड्डाणात पडलेलं भोक नेमकं तेवढंच होतं, असं ती सांगत नाही.

म्हणून एकाच पुराव्यावर थांबायचं नाही. एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या वाटा एकाच ठिकाणी पोचतात का ते पाहायचं. इथे चित्रणातून काढलेली धडकेची जागा, तारा जळण्याचा क्रम, नोंदकातला ताण, तुकड्यांवरचे धातूचे थर, पश्चिमेकडच्या टाइल्स, उष्णतेची गणितं, सगळं आठव्या पॅनेलपाशी आलं. शिवाय एक अनपेक्षित साक्ष मिळाली. हवाई दलाच्या रडार नोंदी अपघातानंतर चाळताना दिसलं की उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, यानापासून एक छोटी वस्तू हळूच दूर गेली होती आणि काही दिवसांत वातावरणात नाहीशी झाली. शटलच्या वेगवेगळ्या भागांवर रडार मारून पाहिल्यावर पंखाच्या कडेच्या पॅनेलचा तुकडा त्या नोंदीशी जुळला.

आपल्याकडे १० जुलै २००६ ला श्रीहरिकोट्याहून उडालेलं इस्रोचं जीएसएलव्ही-एफ०२ रॉकेट कोसळलं. तिथलं विश्लेषण चार द्रव बूस्टरांपैकी एकाच्या इंधन नियामकापर्यंत येऊन थांबलं. रचना ठीक होती, भाग बनवताना चूक राहिली होती आणि ती तपासणीतून निसटली होती. तिथेही शेवटचा प्रश्न 'कोणता भाग' हा नव्हता, 'तो पास कसा झाला' हा होता.

साक्ष घेणं

मंडळाने २०० हून अधिक औपचारिक मुलाखती घेतल्या आणि ३०,००० हून अधिक कागदपत्रं पाहिली. सुरक्षा-चौकशीतल्या साक्षी गोपनीय ठेवण्याचं वचन दिलं जातं, त्या शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरल्या जाणार नाहीत म्हणून. यावर टीका होते, लोकांना शिक्षा पाहायची असते. पण शिक्षा आणि कारण एकाच टेबलावर शोधलं तर दोन्ही मिळत नाहीत; गुन्ह्याचा तपास करायचा तर वेगळा करा, वेगळ्या माणसांनी.

प्रश्न विचारताना 'तुम्ही का नाही थांबवलंत?' टाळा. त्याऐवजी विचारा, त्या दिवशी तुमच्यासमोर कोणता कागद होता, कोण बैठकीत होतं, पुढचं पाऊल काय होतं. निकाल माहीत झाल्यावर मागच्या सगळ्या खुणा लख्ख दिसतात. त्या दिवशी त्या तशा दिसत नव्हत्या.

भागाच्या पलीकडे

आता मंडळाने घेतलेली पायरी, जी बहुतेक समित्या घेत नाहीत. फोमचा तुकडा हे कारण धरलं तर अहवाल दहा पानांत संपतो. पण फोम सुटणं नवं नव्हतं. चित्रण उपलब्ध असलेल्या ७९ मोहिमांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मोहिमांत तो सुटला होता. त्याच डाव्या जोडाजवळून तो आधीही गेला होता, ऑक्टोबर २००२ च्या मोहिमेतही, आणि बूस्टरला ठोक्याची खूण राहिली होती. तरी पुढच्या उड्डाणांना हिरवा कंदील मिळाला. दर वेळी यान सुखरूप परतलं की फोम सुटणं 'देखभालीचा विषय' या खात्यात पडत गेलं. अशी सरकवासरकव कोणत्या बैठकीत, कोणत्या शब्दांत झाली, ते इतिवृत्तांतून तारखेनिशी काढा. हा पुरावा धातूइतकाच घट्ट असतो.

उड्डाणादरम्यानचंही तसंच. अभियंत्यांनी यानाचे कक्षेतून फोटो मागण्याचे तीन वेगवेगळे प्रयत्न केले. ते पुढे गेले नाहीत. नुकसानाचा अंदाज बांधायला वापरलेलं सूत्र फार लहान तुकड्यांच्या चाचण्यांवर बेतलेलं होतं, हा तुकडा त्याहून चारशेपट मोठा होता. सूत्राने गंभीर नुकसान दाखवलं, तेव्हा 'हे सूत्र वाढवूनच सांगतं' म्हणून ते बाजूला सारलं गेलं. निष्कर्षातली अनिश्चितता सादरीकरणाच्या स्लाइडच्या खालच्या, बारीक ओळीत दडली आणि वर दिलासा राहिला. त्याच काळात काही व्यवस्थापकांच्या संगणकांच्या पडद्यावर १९ फेब्रुवारी २००४ पर्यंतची उलटी मोजणी चालू असे, अवकाश स्थानकाच्या एका महत्त्वाच्या भागाच्या उड्डाणाची. तारखेचा दबाव अशा क्षुल्लक वस्तूंतही दिसतो, त्याही नोंदवा.

मंडळाने नासाला आणखी एक गृहपाठ दिला: नुकसान लवकर कळलं असतं, तर काय करता आलं असतं? उत्तर निघालं की तयारीत असलेलं दुसरं शटल, अटलांटिस, १० फेब्रुवारीपर्यंत उडवणं कठीण पण शक्य होतं, आणि कोलंबियावरची रसद काटकसरीने १५ फेब्रुवारीपर्यंत पुरली असती. पाच दिवसांची फट. 'काहीच करता आलं नसतं' हे वाक्य उड्डाणादरम्यान निर्णयांत शिरलं होतं, आणि ते खरं नव्हतं. हा प्रश्न प्रत्येक चौकशीत विचारा, उत्तर कितीही बोचरं निघो.

अहवाल आणि त्यानंतर

अहवालात तांत्रिक कारण आणि संस्थात्मक कारणं शेजारी शेजारी, सारख्याच वजनाने लिहिली गेली. शिफारशी २९, त्यांतल्या १५ पुढच्या उड्डाणाआधी पूर्ण करायच्या. ही विभागणी उपयोगी आहे, कारण 'लवकरात लवकर' असं लिहिलेली शिफारस कोणाच्याच कपाटात सापडत नाही. प्रत्येक शिफारशीपुढे तीन रकाने ठेवा: कोणी करायचं, कशावरून झालं समजायचं, ते तपासणारा बाहेरचा कोण.

अंतराळवीर नेमके कसे गेले, हा विषय मुख्य अहवालात जेमतेम आला. त्यावर वेगळ्या टीमने काम करून डिसेंबर २००८ मध्ये स्वतंत्र अहवाल दिला, आसन-पट्ट्या, शिरस्त्राणं, दाबाचे पोशाख यांच्या सुधारणांसह. कुटुंबांना आधी सांगून, मगच जाहीर. हा क्रम कधी उलटू नका.

उड्डाण पुन्हा सुरू करण्याआधी बाहेरच्या एका गटाने १५ शिफारशींची तपासणी केली आणि तीन पूर्ण झाल्या नसल्याचं लेखी सांगितलं. २६ जुलै २००५ ला डिस्कव्हरी हे शटल उडालं. डाव्या जोडाजवळचा तो फोम आता काढून टाकला होता, त्या जागी हीटर बसवले होते. पण टाकीच्या दुसऱ्या एका उंचवट्यावरून फोमचा मोठा तुकडा सुटला. तो यानाला लागला नाही. शटल पुन्हा वर्षभर जमिनीवर राहिले, तो उंचवटाही काढला गेला, आणि जुलै २००६ ला पुढचं उड्डाण झालं.